व्रांगेल बेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आर्क्टिक महासागरातल्या या बेटावर मी गेली काही वर्षं लिहितो आहे आणि जमेल तिथे बोलतोही आहे. व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी, मेलवर आणि व्हॉट्सॲपवर जे प्रश्न येतात ते बरेचसे तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले. साधे प्रश्न आधी आहेत, गुंतागुंतीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मी स्वतः तिथे गेलेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न तोच असतो.

१. व्रांगेल बेट नेमकं आहे कुठे?

सायबेरियाच्या पार ईशान्य टोकाला चुकोत्का नावाचा रशियन प्रांत आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यापासून साधारण १४० किलोमीटरवर, आर्क्टिक महासागरात हे बेट आहे. त्याच्या पश्चिमेला पूर्व सायबेरियन समुद्र आणि पूर्वेला चुकची समुद्र. अक्षांश सुमारे ७१ उत्तर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही साडेचार अंश वर. मुख्य भूमी आणि बेट यांच्यामधल्या सामुद्रधुनीला लाँग सामुद्रधुनी म्हणतात. पूर्वेला साठेक किलोमीटरवर हेराल्ड नावाचं एक चिमुकलं, कड्याकपारींचं बेट आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल, आणि तो आनंदाचा नाही.

२. बेट केवढं आहे? नकाशावर तर प्रचंड दिसतं.

क्षेत्रफळ सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर. गोव्याच्या दुपटीहून किंचित जास्त, रायगड जिल्ह्याहून थोडं मोठं. लांबी सुमारे १५० किलोमीटर, म्हणजे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं हे मुंबईहून पुण्याला जाण्यासारखं. फक्त रस्ता नाही. मधोमध डोंगररांगा, उत्तरेला सपाट, पाणथळ टुंड्रा आणि दक्षिणेला किनाऱ्यालगतची मैदानं अशी रचना आहे. सर्वांत उंच डोंगर सोवेत्स्काया, १,०९६ मीटर. आपला सिंहगड समुद्रसपाटीपासून याहून उंच आहे.

नकाशावर ते मोठं दिसतं याचं कारण नकाशाच. मर्केटर पद्धतीच्या नकाशात ७१ अंशांवरचा भूभाग विषुववृत्तावरच्या भूभागाच्या तुलनेत क्षेत्रफळात सुमारे नऊ पट फुगतो.

३. ‘व्रांगेल’ म्हणायचं की ‘रँगल’?

दोन्ही चालतं. रशियन उच्चार ‘व्रांगेल’च्या जवळचा आहे, म्हणून मी तो वापरतो. इंग्रजीतून वाचणारे ‘रँगल’ म्हणतात. घोटाळा वेगळ्याच ठिकाणी होतो. अलास्कातही याच नावाचं एक बेट आणि त्यावर एक गाव आहे, ज्यांच्यावरून या बेटाचं नाव पडलं त्याच रशियन दर्यावर्दी फर्डिनांड व्रांगेल यांच्या नावाचं, कारण ते पुढे रशियाच्या ताब्यातल्या अलास्काचे गव्हर्नर होते. हवामानाच्या ॲपवर शोधताना बरेच जण त्या गावाचं तापमान पाहतात आणि ‘एवढी काही थंडी नाही’ असं मला कळवतात. रशियन यादवी युद्धातले ‘श्वेत’, म्हणजे बोल्शेविकविरोधी, सेनापती व्रांगेल हे आणखी तिसरे.

चुकची, म्हणजे चुकोत्काच्या मूलनिवासींच्या, भाषेत बेटाचं नाव उमकिलिर. अर्थ: ध्रुवीय अस्वलांचं बेट. सगळ्या नावांत हेच एक नाव बेटाला शोभतं, असं माझं मत.

४. तिथे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते ना?

नाही. ते फक्त ऐन ध्रुवावर. व्रांगेलवर नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत, साधारण दोन महिने, सूर्य उगवत नाही. उन्हाळ्यात मे महिन्यापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत तो मावळत नाही.

त्या दोन महिन्यांतही मिट्ट काळोख चोवीस तास नसतो. २१–२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजाच्या खाली सुमारे साडेचार अंश असतो. आपल्याकडे सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांनी, दिवेलागणीला, जसा उजेड असतो तसा तिथे दुपारी बाराला काही वेळ असतो, आकाश स्वच्छ असेल तर. मग पुन्हा रात्र.

५. थंडी किती? सगळं बेट बर्फाखालीच असेल?

फेब्रुवारीचं सरासरी तापमान उणे २४–२५ अंश सेल्सियस, जुलैचं जेमतेम अधिक २–३. माणसाला जास्त जाचतो तो वारा.

पण बेट बर्फाखाली नाही, आणि गंमत म्हणजे शेवटच्या हिमयुगातही ते बर्फाच्या जाड थरांखाली गेलं नाही. उत्तर युरोप आणि कॅनडा हिमस्तरांखाली दबलेले असताना इथे गवताळ, कोरडी, गार मैदानं होती. समुद्राची पातळी खाली होती, सायबेरिया आणि अलास्का जमिनीने जोडलेले होते. त्या विस्तीर्ण भूभागाला बेरिंजिया म्हणतात. व्रांगेल म्हणजे त्या मैदानातला एक डोंगराळ भाग. त्यामुळे इथल्या वनस्पतींना कुठून परत यावं लागलं नाही, त्या तिथेच टिकल्या. चारशेहून अधिक जाती-उपजाती इथे नोंदल्या आहेत आणि त्यांतल्या २३ जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. झाड म्हणावं असं मात्र एकही नाही. विलोची झुडपं असतात, तीही आडोशाला. किनाऱ्यावर लाकडाचे ओंडके दिसतात, ते समुद्राने वाहून आणलेले. जळण म्हणून माणसांना त्यांचाच आधार.

६. १८० रेखावृत्त बेटावरून जातं म्हणतात. मग बेटाच्या अर्ध्या भागात ‘आज’ आणि अर्ध्या भागात ‘उद्या’ असतं का?

रेखावृत्त खरंच बेटावरून जातं, त्यामुळे बेटाचा एक भाग पूर्व गोलार्धात आणि एक पश्चिम गोलार्धात आहे. पण आंतरराष्ट्रीय वाररेषा तिथे पूर्वेकडे वळवलेली आहे. सगळ्या बेटावर चुकोत्काचीच तारीख आणि तिचीच वेळ, भारतापेक्षा साडेसहा तास पुढे.

७. पिरॅमिड बांधले जात होते तेव्हा इथे मॅमथ जिवंत होते, हे खरं का?

खरं आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी खऱ्या निघतात त्यांतली ही एक.

१९९३ मध्ये वार्तान्यान, गारुत आणि शेर या रशियन संशोधकांनी बेटावरच्या मॅमथच्या दातांचं कार्बन-वय प्रसिद्ध केलं. तोवर समज असा होता की केसाळ मॅमथ हिमयुगाबरोबर, दहा हजार वर्षांपूर्वीच संपले. मुख्य भूमीवरचे बहुतेक संपलेही होते. व्रांगेलवरचे शेवटचे मात्र सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपर्यंत टिकून होते. गिझाचे मोठे पिरॅमिड साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. हडप्पा-मोहेंजोदडोची शहरं त्या वेळी गजबजलेली होती. आपल्याकडे प्रवरेकाठी दायमाबादला लोक शेती करत होते आणि तिकडे हे केसाळ कळप टुंड्रात चरत होते.

ते टिकले कसे? हिमयुग संपताना समुद्र चढला आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी हा डोंगराळ भाग बेट झाला. त्यावर जे अडकले ते वाचले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष असा की सुरुवातीच्या काळात हा कळप फार तर आठ प्रजननक्षम जनावरांपर्यंत घसरला होता. आठ! त्यातून तो दोनशे-तीनशेपर्यंत सावरला आणि पुढे सहा हजार वर्षं तग धरून राहिला.

‘बुटके मॅमथ’ हा शब्द अजून छापून येतो. सुरुवातीला दात लहान दिसले म्हणून तसं म्हटलं गेलं होतं. नंतरच्या मोजमापांत ही जनावरं खऱ्या अर्थाने बुटकी ठरत नाहीत.

८. मग शेवटी ते संपले कसे? माणसांनीच मारले असणार.

हा प्रश्न बहुतेक उत्तरासकटच येतो. बेटावर माणसाची सर्वांत जुनी खूण दक्षिण किनाऱ्यावर चोर्तोव ओव्राग इथे आहे. नावाचा अर्थ सैतानाची घळ. १९७५ मध्ये निकोलाय दिकोव यांनी ती जागा उजेडात आणली. तिथे दगडी हत्यारं आणि वॉलरसच्या सुळ्याचं हार्पून-टोक मिळालं. वय साधारण ३,३०० ते ३,४०० वर्षं. म्हणजे शेवटचा मॅमथ आणि पहिला माहीत असलेला माणूस यांच्यामध्ये काही शतकांची फट आहे. शिवाय ही माणसं समुद्रावर जगणारी होती, मॅमथच्या शिकारीची एकही खूण तिथे नाही.

जवळच्या नात्यांत प्रजनन होत राहिल्याने जनुकांत दोष साठत गेले, हे नक्की. काही दोष वासाच्या संवेदनेशी संबंधित होते, काही केसांशी. पण वर सांगितलेला २०२४ चा अभ्यास म्हणतो की कळप हळूहळू झिजत गेला नाही, शेवट अचानक आला. रोगाची साथ, एखादं वाईट वर्ष, टुंड्रावर पाऊस पडून गोठलेला कडक थर, यांपैकी काहीही असू शकतं. एक कारण मात्र सहज बाद होतं. बेरिंग समुद्रातल्या सेंट पॉल बेटावरचे मॅमथ सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी गोड्या पाण्याअभावी संपले. व्रांगेलवर नद्यांची ददात नाही.

९. लोकमान्य टिळकांनी आर्यांचं मूळ स्थान आर्क्टिकमध्ये सांगितलं होतं. ते हेच बेट का?

पुण्यात व्याख्यान असलं की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणारे बहुतेक वेळा पहिल्या रांगेत बसलेले असतात. टिळकांचं ‘दि आर्क्टिक होम इन द वेदाज’ १९०३ मध्ये प्रसिद्ध झालं. वेदांतल्या दीर्घ उषेच्या, लांबलेल्या रात्रीच्या वर्णनांवरून त्यांनी ध्रुवाजवळच्या वसतीचा तर्क मांडला. त्यांचा एकूण सिद्धान्त आज पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र मान्य करत नाही, पण तो बाजूला ठेवू. टिळकांच्या स्वतःच्या कसोटीवरही हे बेट बसत नाही. त्यांना हवी होती महिनाभर क्षितिजावर फिरणारी पहाट, आणि तशी पहाट ध्रुवाच्या अगदी जवळ होते. ७१ अंशांवर काय होतं ते प्रश्न ४ मध्ये आहे. माणसांच्या खुणांसाठी प्रश्न ८ पाहा.

१०. बेट शोधलं कोणी? व्रांगेल यांनीच ना?

व्रांगेल यांनी ते कधी पाहिलंच नाही.

चुकची लोकांना उत्तरेकडे जमीन आहे हे ठाऊक होतं. क्रेखाय नावाचा एक सरदार आपली माणसं घेऊन तिकडे निघून गेला, अशी कथा ते सांगत. १८२०–२४ च्या मोहिमेत रशियन नौदलाचे अधिकारी फर्डिनांड व्रांगेल यांना एका चुकची वृद्धाने सांगितलं की याकान भूशिरावरून उन्हाळ्यात स्वच्छ दिवशी समुद्रापलीकडे बर्फाचे डोंगर दिसतात. व्रांगेल कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन गोठलेल्या समुद्रावर निघाले. बर्फ फुटलेला मिळाला, परत फिरावं लागलं. त्यांनी ऐकीव माहितीवरून नकाशावर खूण तेवढी केली. १८४९ मध्ये ब्रिटिश जहाज ‘हेराल्ड’चे कप्तान केलेट शेजारच्या बेटावर उतरले आणि त्याला जहाजाचं नाव दिलं. पश्चिमेला आणखी जमीन दिसल्याचं त्यांनी नोंदवलं. १८६६ मध्ये डालमान या जर्मन दर्यावर्दीने व्रांगेलवर उतरल्याचा दावा केला. १८६७ मध्ये अमेरिकन देवमासे-शिकारी टॉमस लाँग यांनी किनारा जवळून पाहिला आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्याने तो शोधायचा प्रयत्न केला त्याचं नाव त्याला दिलं. हा दिलदारपणा मला आवडतो. व्रांगेल तेव्हा हयात होते.

सामुद्रधुनी या लाँग यांच्या नावाची आहे. ‘जीनेट’ जहाजाचे कप्तान डी लाँग वेगळे. ही जमीन थेट ध्रुवापर्यंत पसरली असेल या आशेने ते १८७९ मध्ये निघाले, बर्फात अडकून तिच्या उत्तरेने वाहत गेले आणि हे केवळ एक बेट आहे हे सिद्ध झालं. १८८१ मध्ये ते जहाज बुडालं.

११. हे बेट खरं तर अमेरिकेचं, रशियाला फुकट देऊन टाकलं, असं वाचलं. खरं काय?

‘आठ बेटं देऊन टाकली’ हा संदेश दर दोन-तीन वर्षांनी नव्याने फिरतो. त्यात थोडी वस्तुस्थिती आहे. १२ ऑगस्ट १८८१ रोजी ‘कॉर्विन’ या अमेरिकन सरकारी जहाजाचे कप्तान हूपर बेटावर उतरले, झेंडा रोवला आणि ‘न्यू कोलंबिया’ असं नामकरण केलं. निसर्गलेखक जॉन म्यूर त्या वेळी जहाजावर होते. काही आठवड्यांत ‘रॉजर्स’ जहाजाने किनाऱ्याचा नकाशाही केला.

त्यानंतर अमेरिकन सरकारने काहीही केलं नाही. १८६७ च्या अलास्का-खरेदीत ठरलेल्या रेषेच्या पश्चिमेला, म्हणजे रशियाच्या बाजूला, हे बेट येतं, आणि १९९० च्या सागरी सीमा कराराने ती बाजू बदलली नाही. जे सरकारने कधी आपलं म्हटलंच नाही ते देऊन कसं टाकणार?

रशियाने १९११ मध्ये ‘वायगाच’ जहाजातून माणसं उतरवली आणि १९१६ मध्ये बेट आपलं असल्याचं इतर देशांना कळवलं. कॅनडाची हकिकत प्रश्न १३ मध्ये.

१२. ‘कार्लुक’ जहाजाचा या बेटाशी काय संबंध?

१९१३ मध्ये विल्यालमुर स्टेफान्सन यांच्या नेतृत्वाखाली कॅनडाची मोठी आर्क्टिक मोहीम निघाली. ‘कार्लुक’ हे तिचं मुख्य जहाज. अलास्काच्या उत्तरेला ते बर्फात अडकलं. सप्टेंबरमध्ये स्टेफान्सन काही दिवस शिकारीला जातो म्हणून उतरले, आणि जहाज त्यांना मागे ठेवून बर्फासकट पश्चिमेला वाहत गेलं. जहाजावर उरले २५ जण. त्यांत कुरालुक हा इन्युपियाक (उत्तर अलास्काचा मूलनिवासी) शिकारी, त्याची बायको आणि दोन लहान मुली.

११ जानेवारी १९१४ ला बर्फाने जहाज चिरडलं. कप्तान रॉबर्ट बार्टलेट शेवटपर्यंत आत बसून ग्रामोफोनवर एकेक तबकडी लावत आणि वाजून झाली की शेगडीत टाकत होते. पाणी चढलं तेव्हा त्यांनी अंत्ययात्रेची सुरावट लावली आणि बर्फावर उतरले.

मार्चमध्ये १७ जण व्रांगेलला पोचले. बाकीच्या आठांपैकी चौघे बर्फावर नाहीसे झाले आणि चौघे हेराल्ड बेटावर मेले. त्यांचे अवशेष दहा वर्षांनी सापडले. व्रांगेलवर आणखी तिघे गेले, दोघे आजाराने आणि एक गोळी लागून. बार्टलेट आणि कताक्तोविक हा तरुण इन्युपियाक शिकारी सुमारे ११०० किलोमीटर चालत, गोठलेली सामुद्रधुनी ओलांडून, सायबेरियाच्या किनाऱ्याने मदत मागायला गेले. ७ सप्टेंबर १९१४ ला उरलेल्यांची सुटका झाली. जहाजावरची मांजरही वाचली. दोन मुलींतली धाकटी, तीन वर्षांची मुगपी, २००८ मध्ये वारली. ती या प्रवासातली शेवटची साक्षीदार.

१३. ॲडा ब्लॅकजॅक दोन वर्षं बेटावर एकटी राहिली, ही गोष्ट खरी का?

दोन वर्षं बेटावर राहिली. एकटी राहिली दोन महिने. ही दुरुस्ती केली म्हणून तिचं मोल कमी होत नाही, उलट आधीचे महिने काय होते ते कळतं.

‘कार्लुक’नंतरही स्टेफान्सन यांचा विश्वास ढळला नव्हता: आर्क्टिक माणसाशी मैत्रीने वागतं, बंदूक असेल तर उपाशी कोणी मरत नाही. १९२१ मध्ये त्यांनी चार तरुणांना व्रांगेलवर पाठवलं, कॅनडा-ब्रिटनच्या नावाने हक्क सांगायला. ॲलन क्रॉफर्ड कॅनडियन, बाकी तिघे अमेरिकन: नाइट, गॅल, आणि ‘कार्लुक’मधून वाचलेला मॉरर. स्वतः स्टेफान्सन गेले नाहीत. सोबत शिधा सहा महिन्यांचा. शिवणकामासाठी काही इन्युपियाक कुटुंबं घ्यायची होती, ऐन वेळी आली ती एकटी ॲडा. वय २३. अलास्कातल्या नोम गावात मिशनऱ्यांकडे वाढलेली, इंग्रजी वाचणारी, उत्तम शिवणारी. शिकार तिला येत नव्हती. अस्वलांची आणि बंदुकीची तिला धडकी भरायची. मुलगा बेनेट क्षयाने आजारी होता आणि महिना ५० डॉलर मिळणार होते. ती गेली ती त्या पैशांसाठी.

१९२२ च्या उन्हाळ्यात मदतीला निघालेलं ‘टेडी बेअर’ जहाज बर्फामुळे परत फिरलं. शिकार रोडावली. २८ जानेवारी १९२३ ला क्रॉफर्ड, मॉरर आणि गॅल सायबेरियाकडे चालत निघाले. ते पुन्हा कुणालाच दिसले नाहीत. मागे राहिला स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या आजाराने) खंगलेला नाइट, आणि ॲडा.

पुढचे पाच महिने तिने त्याचं सगळं केलं. सापळे लावून कोल्हे धरले. बंदूक चालवायला शिकली. अस्वलं लांबूनच दिसावीत म्हणून उंच माचाण बांधलं. अंथरुणात पडून राहिलेला तो माणूस तिला वाटेल तसं बोलायचा. ती ते डायरीत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, लिहून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याचे पाय शेकायची. जूनच्या शेवटी तो गेला. त्याला उचलून बाहेर पुरण्याची ताकद तिच्यात नव्हती. तिने त्याला झोपण्याच्या पिशवीतच ठेवलं, जनावरं शिरू नयेत म्हणून भोवती खोकी रचली आणि स्वतः सामानाच्या तंबूत राहायला गेली. सोबतीला व्हिक नावाची मांजर. होडी वाहून गेली तेव्हा वाहत आलेलं लाकूड आणि कॅनव्हास यांची तिने नवी केली. मोहिमेच्या कॅमेऱ्याने स्वतःचे फोटोही काढले.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ‘डोनाल्डसन’ जहाज आलं. किनाऱ्यावर पाच माणसं भेटतील अशी त्यांची अपेक्षा होती.

वर्तमानपत्रांनी तिला ‘स्त्री रॉबिन्सन क्रूसो’ केलं. तिने पैशांतून बेनेटला सिएटलला उपचारासाठी नेलं. ठरलेल्यापेक्षा मोबदला कमी मिळाला, आणि तिच्या डायरीवर व कहाणीवर इतरांनी कमावलं. ती १९८३ मध्ये, ८५ व्या वर्षी वारली.

राहिला कॅनडाचा हक्क. १९२२ मध्ये पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी संसदेत बेट कॅनडाचं असल्याचं म्हटलं होतं. चार माणसं गेल्यावर तो उत्साह मावळला आणि दावा सोडून देण्यात आला.

१४. मग सोव्हिएत ताबा कसा आला?

‘डोनाल्डसन’ने ॲडाला नेलं आणि स्टेफान्सन यांच्याच वतीने चार्ल्स वेल्स आणि अलास्काचे बारा मूलनिवासी असे तेरा जण उतरवले. ऑगस्ट १९२४ मध्ये ‘क्रास्नी ओक्त्याब्र’ (लाल ऑक्टोबर) ही सोव्हिएत युद्धनौका बर्फ फोडत आली, झेंडा लावला आणि या सगळ्यांना उचलून व्लादिवोस्तोकला नेलं. वेल्स तिथेच वारले. उरलेले चीनमार्गे घरी पोचले. कागदावर हक्क सांगणाऱ्यांना, ते कोणत्याही देशाचे असोत, हिवाळा काढावा लागत नाही. तो या लोकांनी काढला.

१९२६ मध्ये गेओर्गी उशाकोव हे पन्नास-साठ जणांना, मुख्यतः युपिक एस्किमो कुटुंबांना, घेऊन उतरले आणि रॉजर्स उपसागराकाठी वस्ती केली. तीच पुढे उशाकोवस्कोये. पहिल्याच हिवाळ्यात मांस संपत आलं. उत्तरेकडे शिकार होती, पण तिकडे तुग्नागाको हा दुष्ट आत्मा राहतो म्हणून कोणी जाईना. उशाकोव आजारी असतानाच स्वतः उत्तरेला गेले आणि अस्वल मारून परतले, तेव्हा लोकांची भीती गेली. १९२८ चं रसद-जहाज पोचलंच नाही. १९२९ मध्ये ‘लित्के’ हे बर्फफोडं जहाज पोचलं आणि नवा अधिकारी आला.

१५. इथे स्टालिनच्या काळात कैद्यांची छावणी होती का?

अशा कथा शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य देशांत छापून आल्या, पण त्यांना आधार देणारं काही पुढे आलं नाही. या गल्लतीमागे बहुधा एक खराखुरा खटला असावा. १९३४ मध्ये सेमेन्चुक नावाचा प्रमुख आला. त्याच्या कारकिर्दीत मूलनिवासी उपासमारीने मेले आणि बेटावरचे डॉक्टर वुल्फसन मृतावस्थेत सापडले. मे १९३६ मध्ये मॉस्कोत खटला चालला, सरकारी वकील विशिन्स्की, आणि सेमेन्चुक व त्याचा साथीदार स्तार्त्सेव यांना गोळ्या घालण्यात आल्या. हेच विशिन्स्की त्या वर्षीच्या ऑगस्टपासून मॉस्कोतले कुप्रसिद्ध राजकीय खटले चालवू लागले. त्यामुळे डॉक्टरांच्या मृत्यूबाबतचा पुरावा कितपत भक्कम होता यावर नंतर प्रश्न उभे राहिले. उपासमार मात्र खरी होती.

१६. अस्वलं किती आहेत?

एक आकडा देता येत नाही, कारण ती समुद्राच्या बर्फाबरोबर येतात-जातात. हिवाळ्यात शेकडो माद्या बर्फात गुहा खणून पिल्लांना जन्म देतात. अशा गुहांची इथली दाटी जगात सर्वाधिक मानली जाते. मार्च-एप्रिलमध्ये पिल्लांसह बाहेर पडतात. उन्हाळ्यात बर्फ दूर सरकला की बरीच अस्वलं बेटावरच अडकतात आणि मिळेल ते खातात. सप्टेंबर २०१७ मध्ये किनाऱ्याला लागलेल्या एका मेलेल्या देवमाशाभोवती दोनशेहून अधिक अस्वलं पर्यटकांनी एकाच वेळी पाहिली.

संशोधक निकिता ओव्स्यानिकोव यांनी या अस्वलांत वर्षानुवर्षं काम केलं, ते हातात काठी घेऊन आणि मिरपुडीचा फवारा बाळगून. तुम्ही हे करू नका.

१७. पक्षी कोणते येतात?

पक्षीनिरीक्षकांच्या मंडळींसाठी एकच गोष्ट सांगतो. स्नो गीज, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या पट्टकादंबांचे पांढरे भाऊबंद. आशियातली त्यांची एकमेव मोठी वसाहत इथे, तुंद्रोवाया नदीच्या खोऱ्यात आहे. हिवाळा ते कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या मुखाशी, वॉशिंग्टन राज्यात आणि कॅलिफोर्नियात काढतात.

त्यांची काही घरटी हिमघुबडाच्या घरट्याभोवती असतात. घुबड आपल्या पिल्लांसाठी ध्रुवीय कोल्ह्याला जवळ फिरकू देत नाही, त्याचा फायदा गीजना. घुबडं मात्र लेमिंग नावाच्या उंदरासारख्या प्राण्यावर जगतात. लेमिंग कमी झाले त्या वर्षी घुबडं घरटी करत नाहीत, मग कोल्ह्यांना रान मोकळं आणि अंडी फस्त.

१८. मस्क ऑक्स आणि रेनडिअर मूळचे इथलेच का?

आजचे नाहीत. रेनडिअर १९४८ पासून माणसांनी आणले. मस्क ऑक्स (लांब केसांचे, बैलासारखे आर्क्टिक प्राणी) १९७५ मध्ये अलास्काजवळच्या नुनिवाक बेटावरून आले, वीस जनावरं. नुनिवाकवरचे स्वतः १९३० च्या दशकात ग्रीनलंडहून आणलेले. आज व्रांगेलवर ते शेकडोंनी आहेत. काही पर्यटक त्यांना ‘हिमयुगाचे वंशज’ म्हणतात. प्राणी तसा आहे, पण तो इथे आला सोव्हिएत-अमेरिकन करारातून.

१९. आता तिथे कोणी राहतं का?

गाव म्हणावं असं नाही. उशाकोवस्कोये १९९० च्या दशकात ओस पडत गेलं. दुसरी वस्ती सोम्नितेल्नाया, म्हणजे ‘संशयास्पद’, नावाच्या उपसागराकाठी होती, तीही गेली. १९७६ पासून बेट कडक संरक्षणाखालचं अभयारण्य आहे आणि २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. मोजके वनरक्षक आणि संशोधक असतात. २०१४ पासून रशियाने तिथे लष्करी तळ उभारला आहे. जागतिक वारसास्थळी रडार, हे दृश्य पचवायला जड जातं.

२०. भारतीयांना जाता येतं का? भारताचं तिथे संशोधन केंद्र आहे ना?

केंद्र तिथे नाही. ‘हिमाद्री’ हे भारताचं आर्क्टिक केंद्र नॉर्वेच्या स्वालबार्डमधल्या नी-ओलेसुन्द इथे २००८ मध्ये सुरू झालं. ते चालवणारी संस्था मात्र आपल्या अंगणात आहे, गोव्यात वास्कोला: राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र.

व्रांगेलला जायचं तर साधारण ऑगस्टमध्ये, बर्फात चालणाऱ्या जहाजाने, बहुधा चुकोत्काची राजधानी अनादिर इथून. रशियन व्हिसा, सीमाक्षेत्राची परवानगी आणि अभयारण्याची परवानगी अशा तिन्ही गोष्टी लागतात. उतरल्यावर वनरक्षक सोबत असतो. २०२२ नंतरची परिस्थिती पाहता जुन्या माहितीवर पैसे भरू नका. आणि बर्फाने ठरवलं तर जहाज बेटापर्यंत जाऊन न उतरताच परत येतं, हे तिकिटाच्या अटींत असतं, ते वाचा.

२१. नदीपात्रात मॅमथचे सुळे नुसते पडलेले असतात म्हणे. एखादा तुकडा आणला तर?

पडलेले असतात हे खरं. खडीत अर्धा रुतलेला, पावसापाण्याने तपकिरी झालेला सुळा दिसला की हात पुढे जाणारच. पण अभयारण्यातून दगड, हाड, पीस, फूल, काहीही उचलायला बंदी आहे. फोटो काढून सुळा होता तिथेच ठेवायचा.